कपड्यांसकट वजन

फेब्रुवारी आला की मला ओल्या लोकरीचा वास येतो. तसा इथं लंडनला, हॅरोमध्ये, फेब्रुवारीत कसलाच वास नसतो, सगळं नुसतं गार आणि करडं, पण परवा मंगळवारी बेबी क्लिनिकला गेले, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, तिथं रेडिएटरवर कुणीतरी लेकराचं भिजलेलं स्वेटर वाळत टाकलं होतं, आणि मी बाळाची बग्गी घेऊन दारातच उभी राहिले. मागून एक बाई म्हणाली, "यू ऑलराइट, लव्ह?" मी म्हटलं, येस येस, सॉरी. पण मी ऑलराइट नव्हते. गेली सहा वर्षं दर फेब्रुवारीत मी ऑलराइट नसते, फक्त आधी ते लपवता यायचं, इरा झाल्यापासून येत नाही.

इरा माझी मुलगी. चार महिन्यांची. इथं प्रत्येक बाळाला एक लाल पुस्तक मिळतं, त्यात वजनाच्या रेघा असतात, वाकड्या, वर वर जाणाऱ्या, आणि आपल्या बाळाचा ठिपका त्यातल्या एका रेघेला धरून वर जायला पाहिजे. इराचा ठिपका जन्मली तेव्हा मधल्या रेघेवर होता. डिसेंबरात एक रेघ खाली आला. जानेवारीत अजून एक. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळांवर लक्ष ठेवणारी नर्स, मॉरीन चांगली आहे, पन्नाशीची, गळ्यात दोरीला चष्मा, ती म्हणते, "वी विल जस्ट कीप ॲन आय ऑन इट." मला त्या कीप ॲन आयचीच भीती वाटते. घरी येऊन मी तो ठिपका बोटानं झाकते, मग बोट काढते, तो तिथंच असतो.

आई आलीय साउथहॅम्प्टनहून. इरा झाल्यापासून तिच्या फेऱ्याच चालू आहेत, बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळंतशोप. "दूध कमी पडतंय तुला," ती म्हणते, सकाळी म्हणते, दुपारी म्हणते, माझा नवरा निखिल ट्रेन पकडायला निघाला की त्याच्या देखत म्हणते. "खा. नुसती घाबरून बसतेस. घाबरल्यानं दूध आटतं." आता घाबरू नकोस म्हटल्यानं कुणी घाबरायचं थांबलंय का? मी लाडू खाते आणि खाताना पण घाबरते.

त्या मंगळवारी निघताना आईनं इराला बनियन, त्यावर बेबीग्रो, त्यावर तिनं स्वतः विणलेलं स्वेटर, आणि सगळ्याच्या वर कुंची घातली, माझ्याच लहानपणची, जरीची कड उसवलेली.

"आई, तिथं सगळं काढायला लावतात. नॅपीसुद्धा."

"काय बायका आहेत का कोण! एवढ्या गारठ्यात! अंदाज धरायचा की कपड्यांचा. लेकराला असं चारचौघांत उघडं करू नये, मयूरी. वारं बसतं."

उघडं करू नये. मी कुंचीची नाडी बांधता बांधता थांबले, कारण हे वाक्य मी आयुष्यात एकदा ऐकलं. म्हणजे ऐकलं हजारदा असेल, पण ऐकून वागले एकदाच. मलावीत.

मी मलावीला कशी गेले ते सांगते, कारण आमच्या मराठी मंडळातल्या पुष्कळ जणांना वाटतं की मी फार मोठ्या मनानं गेले. तसं नव्हतं. मी नापास झाले होते. ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, केमिस्ट्री गेली, बाकीच्यांत पण सांगण्यासारखं काही नव्हतं. बाबा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्यांच्या ओळखीतली सगळी मराठी मुलं मेडिसिन नाहीतर फार्मसी, आणि त्या ऑगस्टमध्ये मी निकालाचं पाकीट हातात धरून किचनमध्ये उभी. बाबा काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून ऐकू येतं. मग दोन दिवसांनी आई फोनवर कुणाशी तरी बोलत होती, आणि मी जिन्यात बसून ऐकलं.

"नाही हो, मयूरी गॅप इयर घेतेय. आफ्रिकेत जायचं म्हणते. हो हो, सेवा करायला."

मलाच माहीत नव्हतं. नापास हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलाच नाही, त्याच्या जागी गॅप इयर आला आणि सगळ्यांना बरं वाटलं. मंडळातल्या मावशा म्हणाल्या, "किती छान गं! आमचा तर खोलीतून बाहेर येत नाही." बाबांनी ओळखीतून एक संस्था शोधली, म्हणाले, "युनिव्हर्सिटीच्या अर्जात, पर्सनल स्टेटमेंटला चांगलं दिसेल. पुढच्या वर्षी परत बस परीक्षेला." मी अठरा वर्षांची होते, मला भाजी फोडणीला टाकता येत नव्हती, लहान मूल मांडीवर कधी घेतलं नव्हतं, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही की तुला तिथं काय जमेल. तिथं गेल्यावर पण विचारलं नाही. इंग्लंडहून आलीय म्हणजे जमत असणार.

आणि तिथलं सगळं इतकं हिरवं होतं! हे मला आधी सांगायला पाहिजे होतं. मी गेले जानेवारीत, पावसाच्या दिवसांत, आणि मला जिथं ठेवलं त्या हेल्थ सेंटरच्या चारी बाजूंनी मका, माझ्या डोक्याच्या वर गेलेला, पानांवर पाणी टपटपतंय, लाल चिखल, आणि वारा आला की सगळं शेत एकदम कूस बदलतं. मला वाटलं, वा, काय सुबत्ता आहे. सिस्टर बांडा, म्हणजे तिथल्या नर्स, हसल्या. म्हणाल्या, "धिस इज द हंगर टाइम." मागच्या वर्षीचा मका संपलेला असतो आणि या वर्षीचा अजून भरलेला नसतो. कणसं डोळ्यांसमोर असतात आणि खाता येत नाहीत. डोळ्यांना हिरवं दिसलं की पोटं भरलेली असतील असं मी धरलं होतं. मी बरंच काय काय असंच धरून बसले होते.

गुरुवारी वजनाचा दिवस असायचा. पहाटेपासून बायका यायला लागायच्या, चालत, पाठीवर मूल बांधलेलं, त्यावर प्लास्टिक. व्हरांड्याच्या तुळईला काटा टांगलेला, खाली हूक, त्याला निळी चड्डी, दोन पाय घालायला भोकं असलेली. त्यात मूल बसवायचं, सोडायचं, ते लोंबकळतं आणि रडतं, काटा डुगडुगतो, थांबला की आकडा वाचायचा आणि कार्डावर ठिपका द्यायचा. आधी बायका गाणं म्हणायच्या, टाळ्या वाजवत, हात धुवा, शेंगदाणे घाला पेजेत, असं काहीतरी गाण्यात असायचं, पत्र्यावर पाऊस आणि खाली गाणं. मला सगळ्या जणी अमायी म्हणायच्या. तिथं बाईला मान देऊन तसंच म्हणतात, त्याचा अर्थ आई. मी अठरा वर्षांची अमायी.

सिस्टरनी शिकवलं होतं. अगदी नीट शिकवलं होतं. रिकामी चड्डी टांगून काटा शून्यावर आणायचा, मुलाचे सगळे कपडे काढायचे, मग वजन. ठिपका लाल रेघेच्या खाली गेला की आईला मका-सोयाच्या पिठाची पिशवी द्यायची, पेजेसाठी. वर असला की नाही द्यायची, कारण पिशव्या मोजक्या. पहिले दोन गुरुवार त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या. मग आत बाळंतपणं वाढली आणि त्या म्हणाल्या, "यू कॅन डू धिस, मयूरी."

तिसऱ्या गुरुवारी पाऊस असा होता की व्हरांड्यात आडवा येत होता. पहिलीच बाई मुलाचे कपडे काढायला लागली, आणि ते मूल थरथरलं. एवढंसं, ओठ राखाडी. आणि माझ्या डोक्यात आई बोलली, लेकराला उघडं करू नये. मी त्या बाईचा हात धरला आणि खुणेनं सांगितलं, राहू दे, राहू दे. तिला आश्चर्य वाटलं, मग ती हसली. मागच्या पण हसल्या. बरं वाटलं त्यांना, मला तर फारच बरं वाटलं, असं वाटलं की इथं आल्यापासून पहिल्यांदा मी आपणहून काहीतरी चांगलं केलं. सिस्टर कडक आहेत, मी मायाळू आहे, असंसुद्धा वाटलं, खोटं कशाला सांगू.

चार गुरुवार मी मुलांना कपड्यांसकट तोललं. तिकडे लहान मुलांना लोकरीचं फार घालतात, टोपी, दोन दोन स्वेटरं, मोजे, वर गुंडाळलेलं सुती कापड, आणि ते सगळं पावसात भिजून जड. मी केमिस्ट्रीत नापास झालेली असले तरी ओलं कापड जड असतं एवढं मला कळत होतं. कळत होतं आणि लक्षात आलं नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला आता माहीत आहे.

एस्नाटी माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेल. तिचा मुलगा चिसोमो, नऊ महिन्यांचा, पिवळी टोपी, डोळे इतके मोठे की बाकीचा चेहरा नुसता डोळ्यांना ठेवायला केल्यासारखा. घर नदीच्या पलीकडे. दर गुरुवारी ती कार्ड माझ्या हातात द्यायची, दोन्ही हातांनी, गुडघे थोडे वाकवून, तिकडे तसंच देतात, मोठ्या माणसाला. मी वजन करायची, ठिपका द्यायची, लाल रेघेच्या जरासा वर. ती पिठाच्या पिशव्यांकडे बघायची, मग माझ्याकडे. मी कार्ड तिच्यासमोर धरून ठिपक्यावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "ब्विनो, ब्विनो." छान आहे, छान आहे. एकदा तिनं चिसोमोचा दंड माझ्यासमोर धरला, दोन बोटांत मावेल एवढा, आणि काहीतरी म्हणाली. मी परत कार्ड दाखवलं. तिनं कार्डाकडे बघितलं आणि गप्प झाली. तिच्या हातात मूल होतं आणि माझ्या हातात कागद होता, आणि तिनं कागदावर विश्वास ठेवला.

मग तो गुरुवार. सिस्टर बाहेर आल्या, रांगेतून जाताना चिसोमोजवळ थांबल्या, त्याचं पाऊल अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला, अन्न कमी पडल्याची सूज. त्यांनी स्वतः त्याची टोपी काढली, स्वेटर काढलं, दुसरं काढलं, आणि त्याला काट्यावर सोडलं. मी कार्डावरचा मागच्या आठवड्याचा आकडा बघितला. जवळजवळ एक किलो कमी.

"इन वन वीक?" सिस्टर म्हणाल्या. इंग्लिशमध्ये, पण बघत होत्या एस्नाटीकडे. मग त्यांच्या भाषेत भराभरा बोलल्या, आवाज चढला. मला शब्द कळले नाहीत, पण कळलं. काय खायला घालत होतीस? आठवडाभर काय करत होतीस? एस्नाटी खाली बघत होती, गुडघे वाकलेले. "पेपानी," म्हणाली. माफ करा. पुन्हा म्हणाली. आणि एक हात तिनं आपल्या छातीवर ठेवला, असा, जणू तिथंच काहीतरी चुकलंय.

मी तीन फुटांवर होते. कार्ड माझ्या हातात होतं. एक वाक्य म्हणायचं होतं, सिस्टर, मी कपडे काढले नव्हते. इंग्लिशमध्ये म्हणायचं होतं, माझ्या भाषेत, ज्यात मी शाळेत गेले. मी नाही म्हटलं. मला त्या किचनमधलं बाबांचं न बोलणं आठवलं आणि मी विचार केला, आता इथं पण नापास.

दुपारी एका पिकअपमध्ये मागं ताडपत्रीखाली बसून एस्नाटी चिसोमोला घेऊन जिल्ह्याच्या हॉस्पिटलला गेली. पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांचे कपडे काढले. पुष्कळ ठिपके खाली घसरले. सिस्टर म्हणाल्या, भुकेचे दिवस आहेत, सगळीच घसरतात. पिठं दिली गेली. मी मान हलवली. आणि त्या आठवड्यात बाबांना फोन करून सांगितलं की माझं पोट सारखं बिघडतंय, मला घरी यायचंय. अजून पाच आठवडे बाकी होते. जाताना सिस्टरनी मला मिठी मारली. हॉस्पिटलमधून काही कळलं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना.

परीक्षेला परत बसले नाही. बाबा दोनदा म्हणाले, मग सोडून दिलं. दुकानात लागले, मग निखिल भेटला, लग्न, हॅरो. मंडळानं मी परत आले त्याच वर्षी माझं भाषण ठेवलं होतं, स्लाइड्ससकट. शाल दिली, नारळ दिला. पिवळ्या टोपीतला चिसोमो पडद्यावर आला तेव्हा सगळा हॉल "अय्या!" म्हणाला, आणि पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "आता कसा आहे गं तो?" मी म्हटलं, "छान आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं सगळ्यांत जास्त.

परवा मंगळवारी हॉलमध्ये गर्दी होती. इरा रडत होती, मी कुंची काढली, स्वेटर काढलं, बेबीग्रो काढला, आणि बनियनपाशी थांबले. मॉरीन दुसऱ्या बाळाचं लिहीत होती, वर न बघता म्हणाली की व्हेस्ट राहू दे हवं तर, गारठलीय ती. खरं सांगते, मला ठेवायची होती. व्हेस्ट आणि भिजलेली नॅपी, तेवढ्यानं ठिपका जरासा वर गेला असता, घरी आईला दाखवता आला असता, निखिल म्हणाला असता, बघ, उगाच घाबरतेस. मग मी सगळं काढलं. तिच्या फासळ्या मला दिसल्या. रोज अंघोळीला दिसतात, पण त्या दिवशी बघितल्या.

ठिपका अजून एक रेघ खाली गेला. मॉरीननं चष्मा लावला, काढला. म्हणाली की आता डॉक्टरांकडे पाठवते, या आठवड्यातच, आणि दिवसातून दोनदा वरचं दूध सुरू कर. मी रडायला लागले, सगळ्यांसमोर. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स नॉट युअर फॉल्ट, मम." म्हणाली, म्हणून तर वजन करतो ना आपण. ती मला धीर देत होती आणि मला त्या व्हरांड्यातला छातीवरचा हात दिसत होता. एस्नाटीला हे कुणी म्हटलं नव्हतं. म्हणू शकणारी एकच जण होती.

घरी आल्यावर आई इराला मांडीवर घेऊन तेल लावत होती आणि मी एकदम म्हटलं, "आई, मी मलावीत मुलांचे कपडे काढायची नाही."

"बरं करायचीस."

"वजन करताना, आई."

तिचा हात चालूच होता. मग मी सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये श्वास घ्यायला थांबले असते तर राहिलं असतं. आईचा हात इराच्या पोटावर थांबला.

"कशाला नाही काढलेस मग? शिकवलं होतं ना त्यांनी?"

"गारठतील म्हणून. तू नेहमी..."

"माझ्यावर ढकलू नकोस!"

"नाही ढकलत. मीच केलं."

तिनं इराला दुपट्यात गुंडाळलं. वाटीतलं तेल गार झालं. "त्या सिस्टरला सांगितलंस?"

"नाही."

"त्या मुलाच्या आईला?"

"नाही."

"आणि आम्ही शाली पांघरतोय तुला." मग ती इराकडे बघत, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "तिला वाटत असेल गं, आपलंच दूध कमी पडलं."

त्या दिवसापासून आईनं माझ्या दुधाबद्दल एक शब्द काढलेला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या दुधाची बाटली तिनंच उकळून ठेवली. इराची अपॉइंटमेंट शुक्रवारची आहे, मला भीती वाटतेच आहे, पण ही भीती निदान खऱ्या आकड्याची आहे.

सिस्टर बांडांचा पोस्ट बॉक्सचा पत्ता माझ्याकडे होता, इतकी वर्षं डायरीत. त्या अजून तिथं असतील का, माहीत नाही. मी पत्र लिहायला बसले, इरा झोपली होती, आई भांडी आवाज न करता लावत होती. चिसोमो, एवढं लिहिलं आणि अडकले. तिकडे चिसोमो पुष्कळ असतात. आडनाव पाहिजे. प्रत्येक गुरुवारी मी तिथल्या वजनाच्या वहीत त्याचं आडनाव लिहायची, माझ्या अक्षरात, त्याच्यासमोर, आणि आता ते मला आठवत नव्हतं. डोळे मिटून बसले, वही दिसते, रकाना दिसतो, शाई पावसानं फुटलेली दिसते, आडनाव दिसत नाही. तासभर बसले. शेवटी लिहिलं, आई एस्नाटी, घर नदीपलीकडे.

मग लिहिलं की काट्यात दोष नव्हता, एस्नाटीत नव्हता, मी कपडे काढले नव्हते, चार आठवडे, आणि त्या दिवशी मी तिथं उभी राहून गप्प बसले. ती सापडली तर तिला तिच्या भाषेत सांगा की तिचं दूध कमी नव्हतं, ती दंड दाखवत होती तेव्हा तीच बरोबर होती. सगळं इंग्लिशमध्ये लिहिलं, स्पेलिंगं चुकली असतील, असू देत. सही केली. पाकिटात घालताना परत काढलं, कारण जे विचारायचं होतं ते विचारलंच नव्हतं. सहीच्या खाली थोडी जागा होती. तिथं लिहिलं, चिसोमो आहे का?